फिरता कॅमेरा आणि बांधलेली म्हैस

गडहिंग्लजच्या गंगव्वाला नाचायचं होतं. भाचीच्या हळदीत, बँजोच्या तालावर, पार घाम फुटेपर्यंत! भूमिका तिच्या धाकट्या भावाची पोर, लग्न कोडोलीत, आणि पहिली हळद आत्तीनं लावायची हा माहेरचा रिवाज. पण इकडं गोठ्यात चंद्री म्हैस आज व्यायची की उद्या, अशी टेकलेली. शेजारची बायडाबाई वैरण-पाणी बघायला तयार होती, पण सारखं गोठ्यात बसून राहणार कोण? माहेरची निम्मी लग्नं या म्हशींपायीच बुडाली होती.

नवरा मल्लिकार्जुन म्हणाला, "डोस्कं चालवायचं! गोठ्यात कॅमेरा बसवू. कोडोलीत बसून मोबाईलवर बघायचं, कळा सुरू झाल्या की बायडाबाईला फोन. घरात असल्यागत सगळं दिसतंय!"

आणि माणूस भलता हौशी. बाजारातल्या बसवेशच्या दुकानातून त्यानं आणला तो थेट गरागरा फिरणारा, मोठ्या चौकात लावतात तसला कॅमेरा. एकाच वायरीतून चित्रही जातं आणि करंटही, त्यासाठी लागणारा पीओई स्विच मात्र घेतला नाही. "आपल्या दोस्ताकडं, हंबीररावाकडं, जुना पडलाय की. वायर बसली म्हंजे झालं!"

दिवसा झकास चाललं. मोबाईलवर चंद्री रवंथ करताना बघून गंगव्वानं बॅग भरली, गजरासुद्धा सांगून ठेवला. आणि दिवेलागणीला घात झाला. अंधार पडताच कॅमेऱ्यानं स्वतःचे दिवे लावले, आणि टप्! बंद. परत सुरू झाला, स्वतःभोवती गिरकी घेतली, आढ्याकडं बघितलं, चंद्रीला वाकून नमस्कार घातला, दिवे लावले, टप्! पुन्हा गिरकी, पुन्हा नमस्कार. चंद्री वैरण सोडून बघतच राहिली.

बायडाबाई भिंतीवरून डोकावली. "आगं बया! ह्यो तर तुझ्या आधीच हळदीत नाचाय लागलाय!"

गंगव्वाला हसूही आवरेना आणि रडूही.

मल्लिकार्जुननं वायर काढून घातली, परत काढली, परत घातली. नमस्कार चालूच. शेवटी बसवेशला बोलावलं. स्विचवरचं वाचून त्यानं कपाळाला हात लावला.

"काका, ही डबी देती पंधरा वॅट. तुमचा पैलवान दिवे लावून फिराय लागला की त्याला लागत्यात तीस. अर्ध्या भाकरीवर जोर काढाय लावलाय बिचाऱ्याला! मोठा स्विच पायजे, आन् त्यो माझ्याकडं परवा येतोय."

"परवा?" गंगव्वाचं तोंड एवढंसं झालं. हळद उद्या होती.

मल्लिकार्जुन खाकरला. "मग ऱ्हाऊंदे ह्या खेपंला. जाऊ की परत कवातरी."

"परत? भूमिका काय दर साली लगीन करती व्हय?" गंगव्वा कडाडली. रागारागात तिची नजर चंद्रीच्या दाव्यावर गेली आणि तिथंच थांबली. "बसवेश, न फिरणाऱ्या कॅमेऱ्याला किती लागतं रं?"

"सात-आठ, दिव्यासकट. ह्या डबीवर आरामात चालतोय की."

"आन् म्हस दाव्याला बांधल्याली हाय! मग कॅमेऱ्याला फिराय कशाला पायजे? फिरायचं ते मी!"

बसवेश खो खो हसत सुटला आणि पळत जाऊन साधा कॅमेरा घेऊन आला. फिरता उतरवला, साधा चढवला. दिवे लागले. ना गिरकी, ना नमस्कार. गडी गुमान चंद्रीकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी कोडोलीत गंगव्वानं पहिली हळद लावली, बँजो रंगात आला, आणि मल्लिकार्जुन मोबाईल उंच धरून मांडवात घुसला. "कळा सुरू! बायडाबाई पोचली, डॉक्टर बी आलाय!" बँजो थांबला. नवरीसकट सगळी पिवळी तोंडं एका मोबाईलवर वाकली. चंद्रीला रेडी झाली! बायडाबाईनं कॅमेऱ्यासमोर पदर खोचून फुगडीची गिरकी मारली. मांडवात शिट्ट्या पडल्या, आणि बँजोवाल्यानं कुणी न सांगताच दणका उडवून दिला.

मल्लिकार्जुनला मात्र राहवेना. "आवर बिगीबिगी. आत्ताच्या आत्ता घरला निघू, चंद्रीला बघाय पायजे."

गंगव्वानं हळदीचे दोन्ही पंजे त्याच्या गालांवर उमटवले.

"कशाला? घरात असल्यागत सगळं दिसतंय की हितनं!" म्हणाली, आणि नाचायला गेली.