स्थिती चांगली

काकूंनी पर्समधून डबी काढली, झाकण उघडलं आणि नाणं लिलावघराच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर राजाचा छाप वर येईल असं ठेवलं.

"बघा. ही बाजू बघा, जी तुम्ही फोटोत दाखवली नाहीत."

राजाच्या डोक्यामागे फिकट, गोल डाग होता; मागच्या बाजूला तो वेलबुट्टीत लपून गेला होता. कधीतरी कुणीतरी नाणं गळ्यात घालायला त्याला भोक पाडलं होतं, मग दुसऱ्या कुणीतरी त्यात चांदी भरून ते बुजवलं होतं. शेजारी बसलेल्या, जन्मभर दातांच्या कवळ्या नि चांदीची भरणं केलेल्या काकांना पाकीट फोडताक्षणीच ते कळलं. त्यांचा तेव्हाचा चेहरा काकूंच्या डोळ्यांपुढून अजून हलत नव्हता. म्हणूनच जिना चढताना त्यांनी बजावलं होतं, तुम्ही तोंड उघडू नका, मी बोलते.

"जुनं चांदीचं नाणं, दुर्मिळ, स्थिती चांगली. एवढंच छापलंत तुम्ही. भोकाबद्दल अवाक्षर नाही."

"यात खोटं काय आहे, मॅडम? जुनं आहे, चांदीचं आहे."

"आणि स्थिती?"

"ती ज्याच्या त्याच्या नजरेवर. लिलावाआधी माल बघायला ठेवला होता, तुम्ही आला नाहीत. जसं आहे तसं, हा नियम आहे."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका बघायला गेले नव्हते, हे खरं. अपुऱ्या वर्णनावर ते भाळले होते. लिहिणारा अडाणी दिसतोय, काय विकतोय त्याचं त्यालाच माहीत नाही, आयतं घबाड हाती लागतंय, असं म्हणत त्यांनी गच्चीच्या दुरुस्तीचे पैसे बोलीत घातले. काकूंनीही तेव्हा अडवलं नव्हतं. आता स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे भाजीत पडत होते आणि दुरुस्तीवाला काम सुरू करायला निघाला होता, पण त्याला द्यायला पैसे नव्हते.

"कोण तो दीडशहाणा, ज्यानं हे लिहिलं? बोलवा त्याला. मला त्याचं तोंड बघायचंय. लोकांचे कष्टाचे पैसे लुबाडून झोप कशी लागते त्याला, ते विचारायचंय."

"तो आमचा माणूस नाही. वर्णन विकणारा देतो, आम्ही छापतो."

"म्हणजे तो चोर आणि तुम्ही त्याचे भागीदार."

व्यवस्थापकाला राग आला नाही. असलं त्यानं पुष्कळ ऐकलेलं असावं. त्यानं खणातून कोरा कागद काढला.

"पैसे परत मिळत नाहीत. पण नाणं पुढच्या लिलावात तुमच्यातर्फे लावतो. आमचं कमिशन तेवढं कापून घेऊ. सांगा, काय लिहू?"

असं काही कुणी विचारेल, हे काकूंच्या ध्यानीमनी नव्हतं.

"या नाण्याचे मागचे मालकही याच खुर्चीत बसून भांडले," तो म्हणाला. "तुमच्याहून चढ्या आवाजात. त्यांच्याही गळ्यात कुणीतरी हे असंच मारलं होतं. शेवटी त्यांनाही मी हेच विचारलं."

"मग काय सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही वाचलंत की."

इतका वेळ मुकाट बसलेले काका खाकरले.

"भोक बुजवलेलं आहे, असं लिहा. फोटो दोन्ही बाजूंचे घ्या."

"लिहितो की. मग मात्र नुसत्या चांदीच्या वजनाचा भाव येईल, काका. त्यात गिलाव्याची एक गोणही येणार नाही."

काकूंना नवऱ्याचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. घर गळायला लावलं यांनी, आणि आता हरिश्चंद्रही हेच. कागदाकडे बघत त्या म्हणाल्या,

"अहो, तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा."

काका गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दाराशी जाऊन थांबले.

"चल ना तूही. जाऊ दे ते नाणं."

"व्हा पुढे. आलेच मी."

दार लागलं. काकूंनी पदराचं टोक घेऊन नाणं पुसलं, राजाची बाजू खाली येईल असं उलटून ठेवलं आणि बोटानं टेबलावरून पुढे सरकवलं.

"फोटो या बाजूचा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.