दोन दिव्यांमधला चेहरा

"हनुवटी त्या पांढऱ्या पट्टीवर टेकवा. चष्मा काढलात तर बरं," धाकटी म्हणाली आणि तिने आपल्या बाजूचा रेग्युलेटर हळूहळू फिरवला.

काचेपलीकडच्या गृहस्थांनी चष्मा काढला, हनुवटी टेकवली आणि दचकून मागे सरकले. त्यांच्या झुपकेदार मिशांखाली एका मुलीचे ओठ हसत होते.

"अरेच्चा! हे नाक माझंच ना?"

"नाक तुमचं, ओठ माझे. दिवा कमी-जास्त करून बघा, बदलेल."

टेबलाच्या मधोमध जुन्या कपाटाची काच उभी केली होती आणि भोवती काळं कापड टांगलं होतं. दोन्ही बाजूंना अगदी सारख्या अंतरावर एकेक स्टूल, एकेक दिवा आणि पंख्याचा एकेक जुना रेग्युलेटर. आपला दिवा मोठा केला की काचेत आपण दिसायचो. समोरच्याचा मोठा झाला की काच नुसती खिडकी व्हायची. दोन्ही दिवे बरोबरीने जळायला लागले की दोन चेहरे एकमेकांत मिसळून तिसरंच कोणीतरी समोर येऊन बसायचं. यंदा 'स्वतः करून बघा' असं प्रदर्शन भरवायचं, असं विज्ञानाच्या बाईंनी महिनाभर आधी बजावलं होतं. बाकीच्या वर्गांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं आणि दरवर्षीचा ज्वालामुखी मांडला. त्यामुळे सगळी रांग धाकटीच्या टेबलापुढे.

सकाळी मजा आली. तिने दाढीवाले पाहुणे बघितले, दात पडलेली पहिलीतली पोरं बघितली, एकदा तर खुद्द मुख्याध्यापकांना वेण्या फुटल्या. दुपार कलली तसं मात्र तिला बरं वाटेनासं झालं. समोरचा माणूस उठून गेला तरी त्याच्या भुवया काचेत जराशा मागे रेंगाळतात, असे भास व्हायला लागले. मग ती आपल्या कपाळाला हात लावून खात्री करून घ्यायची आणि स्वतःवरच चिडायची. लोकांना प्रकाशाचे नियम समजावून सांगायचे आणि आपणच घाबरायचं!

दर दोन मिनिटांनी तिची नजर दाराकडे जात होती. "मी बनवलंय, तू एकदा बघायला ये," अशी पंधरा दिवस तिने आईच्या मागे भुणभुण लावली होती.

तीन वर्षांपूर्वी थोरली क्लासला म्हणून घरातून निघाली, ती परत आलीच नाही. सतरा वर्षांची होती. ना भांडण, ना चिठ्ठी. पोलीस झाले, नातेवाईक झाले, भिंतीभिंतीवर फोटो लावून झाले. तेव्हापासून घराला कुलूप लावायचं नाही, असा आईने नियमच केला. ती येईल आणि दार बंद बघून माघारी जाईल, म्हणून. आई स्वयंपाक करायची, डबा भरायची, सगळं वेळच्या वेळी. पण धाकटीशी बोलताना तिची नजर धाकटीच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे असायची. आईला येता यावं म्हणून आज बाबा रजा घेऊन घरी थांबले होते. बक्षीस गेलं खड्ड्यात. आईने पाच मिनिटं समोर बसून आपल्याकडे बघावं, एवढंच धाकटीला हवं होतं.

"या वहिनी, या. पोरीने नाव काढलं बरं का!" दाराशी शिपाईकाकांचा आवाज आला. काका या शाळेत वीस वर्षं होते. दोघी बहिणींना त्यांनी पहिलीपासून बघितलं होतं.

आई स्टुलाच्या कडेवर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"लवकर आटप हं. अर्ध्या तासात येते असं सांगून आलेय बाबांना."

"हनुवटी इथे ठेव. आणि माझ्याकडे बघ."

आधी आईला आपण एकटीच दिसावं म्हणून धाकटीने स्वतःचा दिवा मोठा केला आणि आईचा अगदी मंद ठेवायला लावला.

"दिसतेय मी?"

"दिसतेयस की." आईने जरा निरखून बघितलं. "एक वेणी सुटलीये तुझी."

धाकटीला इतका आनंद झाला की पुढचं सगळं पाठ केलेलं बोलणं ती विसरली. "आता तुझा दिवा वाढव," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आईने रेग्युलेटर फिरवला. आईच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्यांवर धाकटीचे गाल आले. धाकटीची गोल हनुवटी आईच्या हाडांनी निमुळती केली. कपाळ जुळलं, भुवया जुळल्या, आणि काचेत विशीतली एक मुलगी आली.

ती थोरली होती.

फोटोतली नव्हे. फोटोतली सतराचीच राहिली होती. ही तीन वर्षांनी मोठी होती, जराशी वाळलेली, कुठून तरी दमून आलेली. हा भास आहे, फक्त आपल्यालाच दिसतंय, असं धाकटीने मनाशी म्हणायचा प्रयत्न केला.

आईच्या मागे शिपाईकाका कापडाची सुटलेली पिन लावत होते. त्यांनी सहज वर बघितलं.

"अगं, तू कधी आली—"

पिन त्यांच्या हातातून पडली. मग त्यांनी वळून रांगेला हात केला.

"पाच मिनिटं थांबा रे. कोणी पुढे येऊ नका."

आईला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं.

"तुझा दिवा किंचित कमी कर," ती म्हणाली.

धाकटीने कमी केला.

"अजून थोडा. हां, बस. आता हलू नकोस."

आपण जितके कमी होतोय तितकी ती नीट दिसतेय, हे धाकटीला कळलं. मनगटाला एक हिसका दिला असता तरी थोरली गेली असती आणि आईसमोर पुन्हा सुटलेल्या वेणीची धाकटी आली असती. तिने मनगट घट्ट धरून ठेवलं.

काचेतले ओठ हलले. धाकटीने आपले ओठ मिटलेलेच ठेवले होते.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

तीन वर्षांत घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता. तो आपल्याला नाही, हे धाकटीला कळायला वेळ लागला नाही. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता.

"जेवले," ती थोरलीसारखा आवाज खाली आणून म्हणाली. "वेळच्या वेळी जेवते मी, आई. काळजी करू नकोस."

आईने मोठा श्वास सोडला. तिचे खांदे सैल झाले, मांडीवरची पर्स घसरून जमिनीवर पडली, तरी ती वाकली नाही. अर्धा तास कधीच उलटून गेला होता.

"हे सगळं घरी घेऊन ये," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी बसत जाऊ थोडा वेळ. तू आणि मी."

हेच तर हवं होतं. धाकटीला रडू आलं, ते आनंदाचं होतं, आणि तरी तिला आईची भीती वाटली.

"बसशील ना?" आईने काचेला विचारलं.

"हो," धाकटी म्हणाली. दिवा वाढवायचा धीर तिला झाला नाही.