राख्याला हाक

भर वेचणीत भगवानराव पाटील स्वतः बांधावर आला, तेव्हाच आम्ही ओळखलं, याच्या घरचं काहीतरी अडलंय. पाटील बोलावणं धाडायचा, येत नसायचा. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर कापूस पहिल्यांदाच असा फुटला होता, की मान वर करायला कुणाला सवड नव्हती.

"सरजे, घरला चल. लेकरू उचलायचंय."

"कुनाचं?" सरजाबाईचा हात बोंडावरून हलला नाही.

"माझ्या सुनंचं. दोन गेले, ह्यो तिसरा. तुझ्या तोंडून हलकं नाव पडलं की जगंल म्हनतेत."

आमच्याकडं रीतच तशी. लेकरं जगत नसली की नवं लेकरू सुपात घालून राखेवर ठेवायचं. गरिबाघरच्या बाईनं ते उचलायचं, टाकाऊ नाव द्यायचं. यम दारात येतो, नाव ऐकतो, असलं कशाला न्यायचं म्हणून माघारी जातो. यम लय मानपानाचा, पाटलांसारखाच.

"हलकी नावं आता आमच्यात न्हाईत, पाटील," सरजाबाई म्हणाली. "दीक्षा घेतली तवाच टाकली. आन् ती आमची तरी कुठं व्हती? तुमच्याच घरून आल्याली. तिथंच हुडका, सापडतील."

खोटं नव्हतं. तिचा नवरा जन्मला त्या दिवशी पाटलाची कडब्याची गंजी पेटली होती. थोरल्या पाटलानं राख बघितली, लेकरू बघितलं आणि दोन्हींचा निकाल एकदमच लावला: राख्या. जन्मभर ती हाक आली की तो हातातलं टाकून धावायचा. त्यानंच पुढं आपल्या नातवाचं नाव प्रदीप ठेवलं, तर पारावर ह्याच भगवानरावानं विचारलं होतं, "चुलीत इस्तू न्हाई, आन् नाव दिवा?"

"मंग आता दिव्याच्या आजीकडं कशाला आलाव?" सरजाबाईनं विचारलं.

 तेवढ्यात पाटलाची सून मनकर्णा कापसाच्या तासातून येताना दिसली. ओली बाळंतीण, पायात काही नाही, हातात सूप, सुपात लेकरू.

"माय, नाव कसलं बी ठीव. फकस्त जगू दे."

सरजाबाईनं ओटीतला कापूस खाली सोडला.

"यम-बिम मी मानीत न्हाई, लेकी. पर तुला झोप तरी लागंल." तिनं लेकरू उचललं. "माझ्या मालकाचं नाव मोकळंच पडलंय. राख्या."

"राखाजीराव म्हनू," पाटील पुटपुटला.

"म्हना की. राव ऐकून यम चहाला थांबंल."

पोरगं जगलं. मनकर्णा त्याला वालूरच्या दवाखान्यातही नेत होती, पण ते श्रेय गावानं कुणाला दिलं नाही.

आता दिवेलागणीला पाटील ओट्यावरून हाका मारतो, "राख्या, ए राख्या." सुरुवातीला सरजाबाईच्या तोंडून नवऱ्याच्या वतीनं 'जी' निघून जायचं. आता ती चुलीपुढून हलत नाही. राख्याही हलत नाही. पाटलाचा नातू आहे. हाकेला येण्याची सवय त्या घरात कुणालाच नाही. मग धोतराचा सोगा सावरत पाटीलच राख्याकडं धावतो.