मुगाएवढी चौकट

ती चौकट मुगाच्या दाण्याएवढी होती, आत बरोबरची खूण — यज्ञेश्वरने सकाळपासून ती अकरा वेळा काढून टाकली आणि अकरा वेळा परत लावली. खूण असली तर सगळ्यांनी मिळून काम करायच्या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अपडेट' दाबताच इतरांचं नवं काम गुपचूप आपल्या प्रतीत येऊन बसणार, आपलं अर्धवट, नोंद न केलेलं त्याखाली पुसलं गेलं तरी. नसली तर सॉफ्टवेअर आधी विचारणार. संध्याकाळी पाचला हे मूळ सेटिंग म्हणून कायम करायचं, आणि मग झाशीतल्या घरच्या या टेबलावर ठरलेलं हजारो लोक निमूट वापरणार, कारण सेटिंग बदलायला जातो कोण... मागच्याच आठवड्यात चाचणी घेणाऱ्या बकुळचं दोन दिवसांचं काम असं गेलं. ती रागावली नाही. "कोई बात नहीं, सर," एवढंच म्हणाली, आणि तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

इलाइट चौराह्याचे हॉर्न खिडकीतून आत येत होते. दुपारी साहेबांचा, विश्वंभरजींचा, फोन येऊन गेला होता — "भैया, बार-बार पूछेगा तो लोग चिढ़ेंगे. चुपचाप होने दो."

चुपचाप... तसंच तर केलं होतं त्याने. समथरच्या दुर्गाकाकूंची कुळाचाराची वही नीटनेटकी, म्हणून तिच्यावरून आईसाठी नवी उतरवली आणि आईची जुनी रद्दीत घातली. कोणत्या साली पुरण कमी पडलं, बाबा आरतीला शेवटचे कधी उभे राहिले — ते जुनीच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं होतं, हे मागाहून कळलं. विचारायला हवं होतं. एक प्रश्न, बस्स. त्याने खूण काढून टाकली आणि त्याला हायसं वाटलं.

आई चहा घेऊन आली तेव्हा तो एकदम बोलून गेला, "आई, जुनी वही टाकण्याआधी तुला विचारायला हवं होतं मी."

"मीच विचारलं होतं की रे," अनुसूयाबाई सहज म्हणाल्या. "'पेन्सिलीचं उतरवलंस ना?' म्हणून. तू हो म्हणालास. या लॅपटॉपवरून नजर न हटवता." आणि टेबलाला डाग नको म्हणून कपाखाली टपालाचं जुनं पाकीट सरकवून त्या आत गेल्या.

चहावर साय धरली. दहादा विचारलं की लोक वाचत नाहीत, 'हो' दाबून मोकळे होतात — हे त्यानेच लिहून दिलं होतं साहेबांना. लोक, म्हणे! चौकट रिकामी होती. पाचला दहा मिनिटं कमी होती, आणि आजवर आणखी कशाकशाला आपण असं हो म्हणून बसलो असू, त्यातलं त्याला एकही आठवेना.