हाललं ते जितं

"सांग बरं, हे काय हाय?"

शेजारच्या केशरबाईनं ओट्यावर काहीतरी ठेवलं आणि ती मागं सरली. गल्लीतल्या बाया पदर सावरून जवळ आल्या. दैवशालानं मान तिरकी केली, डोळे बारीक केले. सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर आडवं पडलं होतं.

"पिवळं हाय," ती म्हणाली. "चमकायलंय. आन त्याला चिकटून लांब काळं हाय."

"काळं कशाचं आलं, बाई?"

"हाय ना. शेपटावानी."

बाया पदराआड हसल्या. केशरबाईनं ती वस्तू उचलून तिच्या हातात दिली. बोटं लागायचा अवकाश, दैवशाला म्हणाली, "तांब्या. काठाला पोचा आलाय. तुमचाच की हो, ताक न्यायला आणता तो."

"आन शेपूट?"

"सावली व्हती व्हय," दैवशाला स्वतःशीच पुटपुटली.

"भागवतनं जालन्याला नेऊन डोळे तर बसवून आणले," केशरबाई म्हणाली, "पण त्यात वळख घालायची राह्यली वाटतं."

दैवशालाही हसली. पण दारात उभ्या असलेल्या सासूचा, झुंबरबाईचा, हसण्याचा आवाज आला नाही, हे तिच्या कानांनी बरोबर टिपलं.

दैवशालाच्या डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू होता. तिची आई सांगायची, पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, म्हणून लेकीच्या डोळ्यांवर पडदा आला. शिवाय मोतीबिंदू म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं दुखणं, तो तान्ह्या लेकराला कसा होईल, असं साऱ्या गावाचं म्हणणं. त्यामुळं तिला कोणी दवाखान्यात नेलंच नाही. मोठी झाली, दळणाकांडणाला तरबेज झाली, गळा गोड म्हणून हळदीच्या घरी बोलावणं येऊ लागलं. पिंपळगाव रेणुकाईच्या भागवतचा एक पाय पोलिओनं बारीक झालेला. त्याची-तिची गाठ पडली तेव्हा लोक म्हणाले, आंधळीला लंगडा, बराबर जमलं. भागवत म्हणाला, जमलंच की. आणि खरंच जमलं. लेक झाली, आकांक्षा. ती चालू लागली, शाळेजोगी झाली. मग यंदा होळीच्या सुमारास तालुक्याला तपासणी शिबिर लागलं. भागवतनं बायकोला सहज नेलं, आणि डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण पाहू.

पट्टी सुटली तेव्हा दैवशालाला वाटलं होतं, ओव्यांतून ऐकलेलं जग आता समोर येईल. चंद्र भाकरीसारखा असतो म्हणतात, म्हणून तिचा चंद्र आजवर खरबरीत होता, थोडा कोमट होता. प्रत्यक्षात समोर आला तो नुसता रंगांचा लोंढा. कुठं काय सुरू होतं आणि कुठं संपतं, काही कळेना. ती रडली. तेव्हा जालन्याच्या दवाखान्यातल्या ज्योत्स्ना सिस्टर तिच्या खाटेवर येऊन बसल्या.

"ताई, डोळा नुसता उजेड आत घेतो. कोणता तुकडा कशाचा, हे मेंदू जुळवतो. लहान लेकरं पाळण्यात पडून तेच शिकतात, तुम्ही आता शिकायच्या. एक सांगते, थांबलेल्या वस्तूमागं लागू नका. हलणारी धरा. जे संगं हालतं, ते एकाच वस्तूचं असतं."

दैवशाला घरी आली आणि शेळीपुढं जाऊन बसली. तपकिरी शेळी, मागं मातीची भिंत. शेळी उभी असली की नुसती भिंत. मग शेळीनं कान हलवला, की भिंतीला कान फुटला. ती दोन पावलं चालली, की पोट, पाय, शिंगं सगळं मिळून भिंतीतून सुटं झालं, आणि दैवशाला टाळी वाजवून म्हणाली, "ही घ्या शेळी." तीच गोष्ट कोंबडीची, वाऱ्यानं हलणाऱ्या लुगड्याची. अंगणात डुलत येणारा एक उंच तुकडा दिसला आणि ती म्हणाली, "आलात व्हय?" भागवत जागीच उभा राहिला. थांबल्याबरोबर तो तिला पुन्हा हरवला.

भांडी घासता घासता तिनं ओवी रचली:

हाललं ते जितं बाई, थांबलं ते झालं भित
माझ्या गं डोळ्यामंदी, उजेड शिकतो रीत

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी अंकुशनगरहून तिची नणंद पुष्पा आली. तिचा नवरा साखर कारखान्यात. घर पक्कं, दारात नळ, पण पाळणा कधी हलला नव्हता. आकांक्षाला पहिलीला तिकडंच घालायचं, हे झुंबरबाईनं मागच्या वर्षीच ठरवलं होतं. त्याला कारण घडलं होतं. लपंडाव खेळताना आकांक्षा विहिरीच्या काठाला जाऊन बसली होती, श्वास रोखून, आणि दैवशाला तिच्या अगदी जवळून हाका मारत निघून गेली होती. त्या दिवसापासून झुंबरबाईची झोप उडाली होती.

"वैनी, मनाला लावून घेऊ नका," पुष्पा म्हणाली. "माझ्या पोटचीवानी ठिवीन तिला."

"ठिवताल, आक्का. पर आता मला दिसायलंय."

"दिसायलंय?" झुंबरबाई मध्येच बोलली. "सकाळी तांब्याला शेपूट दिसलं तुला. उद्या रस्त्यावर ट्रॅक्टर आला, आन पोरगी कोणती न् दगड कोणता, ते कळंना तुला, मंग?"

"आये, काय बोलून राह्यलीस," भागवत म्हणाला.

"खरं बोलून राह्यले. माझं काय वैर हाय का तिच्याशी? उद्या शाळेत समद्या पोरी एकाच कपड्यात असतील. त्यातून आपली लेक तिनं नुसत्या डोळ्यांनी दाखवावी. हाक मारायची न्हाई, हात लावायचा न्हाई. दाखवली, तर पोरगी हितंच राहील, मी सोता म्हणते. न्हाई दाखवली तर दुपारच्या गाडीनं पुष्पासंगं जाईल."

पुष्पानं खाली पाहिलं. दैवशाला म्हणाली, "चालंल."

दुसऱ्या दिवशी शाळेत फुगे बांधले होते. सगळ्या पोरी नव्या निळ्या-पांढऱ्या कपड्यात, दोन वेण्या, लाल रिबिनी. पहिलीचे संघपाल सर मोठे भले माणूस. त्यांना भागवतनं सगळं सांगितलं होतं, आणि दैवशालाला सोपं जावं म्हणून त्यांनी मनापासून तयारी केली होती. पोरी लिंबाखाली एका रांगेत उभ्या केल्या.

"कोणी हलायचं नाही. कोणी बोलायचं नाही. सावधान."

रांग गोठली.

दैवशाला समोर आली. समोर पोरी नव्हत्याच. एक लांब पट्टा होता, वर पांढरा, खाली निळा. त्यावर लाल ठिपके. लिंबाची सावली पट्ट्यावर पडून त्याचे वाकडेतिकडे तुकडे झाले होते. कोणता काळा तुकडा केसांचा, कोणता सावलीचा? एक पोरगी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते? ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. तिची लेक त्यातच होती. आईला जिंकू द्यायचं म्हणून जीव खाऊन गप्प उभी होती, अगदी दगडासारखी.

"न्हाई जमायचं तिला," मागून केशरबाई कुजबुजली. "उगं घोर लावला बिचारीला."

"दैवशाला, बस झालं," झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "चल घरी."

दैवशाला हलली नाही. तिनं डोळे मिटले, उघडले. मग मघाशी सरांचा आवाज आला होता तिकडं तोंड केलं.

"सर, ह्यांना पळायला सांगा."

"पळायला?"

"येडी का खुळी," झुंबरबाई म्हणाली. "उभ्या हायेत तर दिसंनात, पळाल्यावर काय दिसतील?"

"आत्याबाई, तुम्ही डोळ्यांनी दाखव म्हणला. हाक न्हाई, हात न्हाई म्हणला. उभ्या करून दाखव, आसं कुठं म्हणला?"

भागवत गालात हसला. सरांनी एकवार सगळ्यांकडं पाहिलं आणि हात वर केला. "चला, फाटकाला हात लावून परत. शर्यत. पळा."

आणि पट्टा फुटला.

शेंगा फुटून दाणे उडावेत तशा पोरी उडाल्या. सावली जागीच राहिली आणि पोरी तिच्यातून सुट्या होऊन उन्हात आल्या. दोन वेण्या संगं उडाल्या, त्या एकीच्या. दोन पाय संगं पडले, ते एकीचे. एक धप्पकन पडली, उठली. एक रिबीन सोडून धावली. दैवशालाच्या डोळ्यांपुढं एकामागून एक पोरी जन्माला येत होत्या, आणि ती मान उंच करून सगळ्यांना उजेडातून उचलून घेत होती.

आणि मग तिला ती दिसली.

एक पोरगी इतरांसारखी दोन्ही हात उडवत पळत नव्हती. तिचा उजवा हात हवा कापत होता, आणि डावा मागं राहिला होता. थोडा खाली, पंजा उघडा, जणू मागून येणाऱ्या कोणाला तरी तिनं धरून चालवलं आहे. चालायला शिकली तेव्हापासून ती आईच्या पुढं अर्धं पाऊल चालत आली होती, हात मागं देऊन. तो हात दैवशालानं आजवर फक्त धरला होता, पाहिला नव्हता. आता आई तिथं उभी होती, आणि हात मात्र रिकामाच तिला घेऊन पळत होता.

"ती," दैवशाला म्हणाली. तिनं बोट लांब केलं. "डावा हात मागं ठिवून पळायलीय ती. ती माझी आकांक्षा."

संघपाल सरांनी टाळी वाजवली आणि मग सगळं मैदान वाजू लागलं. दैवशाला थेट धावत गेली, वाटेतल्या फुग्याला बगल देऊन, आणि तिनं तो रिकामा पंजा आपल्या हातात घेतला.

आकांक्षानं हिसका दिला. "माय, सोड ना. शर्यत हाय माझी."

बाया खदखदून हसल्या. दैवशालानं हात सोडला. लेक शेवटून दुसरी आली, आणि दैवशाला असली खूश झाली की जणू तिनं गाव जिंकून आणलं होतं.

झुंबरबाई हळूहळू चालत सुनेजवळ आली. तिनं दैवशालाच्या गालांवरून हात फिरवले आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "मी भ्याले व्हते गं," ती एवढंच म्हणाली. मग वळून लेकीला म्हणाली, "पुष्पे, पोरीची पिशवी घरीच राहू दे."

दुपारची गाडी यायची होती. थांब्यावर पुष्पा दगडावर बसली होती. भागवत दुकानात पाणी आणायला गेला होता. दैवशाला आणि आकांक्षा तिला सोडायला आल्या होत्या, आणि आकांक्षा चिंचेखाली खेळत होती.

"सुट्टीत पाठवीन, आक्का. दिवाळीत महिनाभर ठिवा."

"ठिवीन की," पुष्पा म्हणाली. आवाज अगदी साफ होता, नेहमीचा. "जल्दी नका करू. शाळा बुडवू नका तिची."

दैवशालाला आजवर रडणं माहीत होतं ते आवाजानं. हुंदका, ओढलेलं नाक, चिरकलेला शब्द. यातलं इथं काहीच नव्हतं. पण ती नणंदेच्या तोंडाकडं पाहत राहिली. ओठांची एक कड खाली ओढली जात होती आणि परत वर येत होती. डोळ्याखालून काहीतरी चकाकतं निघालं आणि गालावरून सावकाश खाली सरकू लागलं.

ते काय आहे, हे तिला कोणी सांगितलं नाही.

दूरवर गाडीचा भोंगा वाजला. दैवशालानं पदराचं टोक हातात घेतलं, वाकली, आणि तिचा हात जरासुद्धा न चाचपडता नेमका त्या गालावर जाऊन टेकला.