सुताराचा पांढरा केस

मी धमनीत उतरणारा दिवा बोलतो आहे. रुग्णालयाच्या यादीत मला यंत्र म्हटले आहे, आणि त्या नावाबद्दल माझी तक्रार नाही. मी जे सांगतो ते ऐकून घ्यावे, एवढीच विनंती आहे. ज्याने ते सांगायला हवे होते, तो माणूस आता नाही.

माझे काम समजायला सोपे आहे. शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जाड अशी तार माझ्यापासून निघते आणि मनगटातून हृदयाच्या धमनीत जाते. तिच्या टोकाशी दोन इंद्रिये आहेत. एक माणसाला न ऐकू येणारा ध्वनी सोडते आणि त्याचा पडसाद टिपते. त्यातून धमनीच्या भिंतीचे करडे चित्र उमटते. दुसरे लेझरचा प्रकाश टाकते. भिंतीत चरबी दडली असेल तर ती तो प्रकाश पिते, क्षणभर फुगते आणि अतिशय बारीक आवाज करते. तो ऐकून मी पडद्यावर पिवळा ठिपका काढतो. ध्वनीने मला आकार कळतो, प्रकाशाने अंतरंग.

ज्यांनी मला घडवले त्यांनी एक रीत घालून दिली होती. प्रत्येक रोग्यासाठी नवी तार, आणि ती देहात जाण्यापूर्वी तिची परीक्षा. पाण्याच्या काचपात्रात एक काळा केस ताणून धरायचा आणि त्यावर प्रकाश टाकायचा. काळा केसही प्रकाश पितो. ठिपका उमटला तर तार खरी.

हे काम मला चालवणाऱ्या ताईंकडे होते. सहा वर्षे त्या रोज सकाळी वेणीतला एक केस उपटत, देवाचे नाव घेत आणि तो पात्रात लावत. "बघ रे बाबा नीट," असे मला म्हणत. मी नीट पाहत असे.

मोठे डॉक्टर कुशल होते. त्यांचा हात कधी थरथरला नाही. आपण चुकतो हे कोणी पाहू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. एके दिवशी ते विद्यार्थ्यांना पडद्यावर रक्ताची गाठ दाखवत असताना ताई म्हणाल्या, "सर, ती गाठ नाही, तारेचीच सावली आहे." ताईंचे खरे होते. विद्यार्थी हसले. जाताना डॉक्टरांनी बजावले, "उद्यापासून हे केसबिस टेबलावर नकोत. घाण आहे ती."

दुसऱ्या दिवशी सुतार आला. साठी ओलांडलेला, डोके कापसासारखे पांढरे. छातीत अधूनमधून कळ येई. बाहेर बाकावर त्याची मुलगी तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"ताई, हे यंत्र करतं तरी काय?" त्याने विचारले.

"आतला आवाज ऐकतं, बाबा."

"मग आमच्याच जातकुळीतलं म्हणायचं! आम्ही फळी ठोकून बघतो. वरून कितीही गुळगुळीत असू दे, आतून पोखरली असली की आवाज मेलेला येतो."

ताई हसल्या आणि त्यांचा हात सवयीने वेणीकडे गेला.

"काल काय सांगितलं होतं तुला?" डॉक्टर म्हणाले. कालपर्यंत ते ताईंना तुम्ही म्हणत. मग ते सुताराकडे वळले. "बाबा, तुमचाच एक केस द्या, बाहेरची घाण नको."

"घ्या की. थोडेच उरलेत, मोजून घ्या म्हणजे झालं."

पात्रात पांढरा केस ताणला गेला. मी प्रकाश टाकला. पांढऱ्या केसात प्रकाश पिणारा रंगच नसतो. केस गप्प राहिला. पडदा करडा राहिला.

"लेझर गेलाय. नुसत्या ध्वनीवर बघू," डॉक्टर म्हणाले.

"सर, पांढरा केस बोलत नाही. माझा एकदाच लावून बघा. अर्धं मिनिट लागेल."

"आजही मलाच शिकवणार का तू?"

एक विद्यार्थी हसला. ताईंनी तार त्यांच्या हाती दिली. ताईंना मी निर्दोष म्हणत नाही. त्या खरे बोलल्या, पण एकदाच बोलल्या.

माझा प्रकाश बंद झाला आणि मी एका इंद्रियाने आत गेलो. धमनी निम्म्याहून कमीच अरुंद झाली होती, रक्ताला वाट होती. भिंत गुळगुळीत होती. एका वळणावर पडसाद मेलेला आला. करड्या चित्रात तिथे एक फिकट सावली दिसली. तिच्याखाली फुटून धमनी बुजवणारी चरबी आहे की काय, हे केवळ प्रकाशच सांगू शकला असता. डॉक्टरांची नजर तिच्यावरून पुढे सरकली.

"धमनी छान आहे, बाबा."

"नातीसाठी पाळणा केलाय. भरभक्कम आहे, चौथ्या मजल्यावर न्यायचाय. चालेल ना?"

"खुशाल न्या."

नवव्या दिवशी तो तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर पडला. पाळणा त्याच्या छातीवर होता. रुग्णालयात आणले तेव्हा माझी गरज उरली नव्हती.

"तुम्हीच म्हणालात ना, खुशाल न्या?" मुलीने विचारले.

डॉक्टरांनी कागदावरची नजर उचलली नाही. "यंत्रात बिघाड होता. तशी नोंद आहे."

माझ्यावर नादुरुस्त अशी चिठ्ठी चिकटली. त्याच दुपारी ताईंनी मला सुरू केले, नवी तार जोडली आणि जपून ठेवलेल्या सुताराच्या केसाशेजारी स्वतःचा काळा केस लावला. पिवळा ठिपका लख्ख उमटला. त्याचे चित्र घेऊन त्या रुग्णालयाच्या प्रमुखांकडे गेल्या.

"आज चालतंय म्हणून त्या दिवशीही चालत होतं, असं होतं का?" प्रमुखांनी विचारले.

आता ताई खालच्या मजल्यावर रोग्यांची नावे लिहून घेतात. मी त्या काचपात्रासह सामानाच्या खोलीत आहे. डॉक्टर आपल्या जागी आहेत, आणि त्यांचा हात अजून थरथरत नाही.

वाचकहो, कधी तरी तुम्हीही त्या टेबलावर झोपाल. तेव्हा ईश्वराजवळ कुशल हात मागा, हरकत नाही; पण आधी अर्धे मिनिट थांबणारा माणूस मागा.

पात्रातले पाणी केव्हाच आटले. दोन्ही केस माझ्यासमोर तसेच ताणलेले आहेत. ताईंच्या केसाला कोणी विचारीत नाही. सुताराच्या केसाला विचारले, तरी तो काही बोलणार नाही.