हातभर कमी पडलेली तार

त्या दुपारी नणंदेचं ऑपरेशन होतं. त्याआधी तिला भावाचं तोंड बघायचं होतं, आणि आमचे हे मागच्या खोलीत खाटेवर. पाय गेल्यापासून त्यांनी तो कोपरा धरला होता. तिथल्या जाड भिंतींत मोबाइल मुका व्हायचा. खाट पुढे घेऊ म्हटलं की, "मला काय शोभेला मांडायचंय?" म्हणून भिंतीकडे तोंड. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला माणूस.

म्हणून मुलाने पाठवलेल्या, खाटेच्याच फळीवर बसवलेल्या कॉम्प्युटरपर्यंत तार ओढायला तारवाला बोलावला. पुढच्या खोलीतल्या इंटरनेटच्या डबीपासून भिंतीच्या कडेकडेने क्लिपा ठोकत तो खाटेपाशी पोचला. टोकाची निळी साल त्याने बोटभर सोलली. आत रंगीत तारांच्या चार जोड्या, प्रत्येकीला घट्ट पीळ. टोकाचा प्लग आणायला तो गाडीपाशी गेला.

मला वाटलं, तेवढीच मदत. सालीतून एक पांढरा दोरा लोंबत होता. ओढला, तर साल चरचर फाटत हातभर उघडली. उघडलीच आहे तर गुंताही काढू म्हटलं. एकेक जोडी उलगडली, वेणी घालण्याआधी केस विंचरावेत तशी सरळ केली.

तारवाला आला आणि मटकन खालीच बसला.

"आजी, हे काय केलंत?"

"सरळ केल्या. तुला सोपं जाईल."

"अहो, तो पीळ मुद्दाम असतो! त्याच्यामुळेच एका जोडीची गडबड दुसरीला लागत नाही. इतका सोडला तर बोलणं तुटत येईल. हे सगळं कापावं लागणार."

"मग काप की."

"कापतो. पण तार खाटेपर्यंत पुरायची नाही. रीळ संपलं, आणि दुकान उद्या उघडेल."

मी त्या तारा हातात धरून बसले. मी आजी झाल्यावर मला अक्षरं शिकवली ती या नणंदेने. रोज पाटी घेऊन यायची, चुकलं तरी कधी हसली नाही.

खाटेवरून आवाज आला, "ओढून बघ जरा."

"रबराची नाही, आजोबा."

ह्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या तारांकडे.

"मग बघत काय बसलात? ढकला खाट!"

चाकं अशी किंचाळली की शेजारीण धावत आली आणि तिनेही हात लावला. खाट अर्धी खिडकीखाली आली. तारवाल्याने रंग जुळवून तारा प्लगमध्ये सारल्या, चिमट्याने दाबल्या. कॉम्प्युटरच्या कडेला हिरवा दिवा लुकलुकला आणि समोर दवाखान्यातली नणंद दिसली.

"दादा, शेवटची दाढी कधी केलीस? तुला बघून डॉक्टर आधी तुलाच आत घेतील."

"तू बरी होऊन ये. मग करतो."

"नक्की?"

"नक्की गं."

आवाज एकदाही तुटला नाही. तारवाला पाठ फिरवून तोच चिमटा पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

नणंद बरी झाली, दाढीही झाली. नवं रीळ घेऊन तारवाला आला आणि म्हणाला, "चला, खाट परत जागेवर नेऊ."

"कशाला?" हे म्हणाले. "इथून रस्ता दिसतो."

कापलेला तुकडा मी टाकला नाही. रोज सकाळी खिडकीचा पडदा त्यानेच बांधते, आणि बांधताना नणंदेला आणि तारवाल्याला मनातल्या मनात दुवा देते.